श्लोक पाठ, पण ग्रामसभा माहीत नाही!



पोरं शिकलीच पाहिजेत. पण त्यांना काय शिकवतात, हे बघायला नको का? जेवण, कपडे फुकट म्हणून पोर वसतिगृहात घातलं, आणि ते सुट्टीला येऊन म्हणतं, आपला वाघोबा देवच नव्हे! श्लोक असो की दुसऱ्या धर्माची प्रार्थना, धडा एकच: हात जोडा, प्रश्न विचारू नका.

देव मानायला आमचा विरोध नाही. संविधानाचं कलम 25 तो हक्क देतं. पण कलम 28 सांगतं, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही आईबापाच्या संमतीशिवाय पोराला त्यात बसवता येत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात लोकांनी गावचा न्याय स्वतः केला. खरं नागरिकशास्त्र ते!

सातारा-सांगली पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं पेसा लागू नाही. आपल्याला आधार 2006 च्या वनहक्क कायद्याचा. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. पण तो जबाब लिहिणार कोण? साहेबाला "नियम दाखवा" म्हणणार कोण?

पालकांनो, शाळेत जाऊन विचारा: नागरिकशास्त्राचा तास होतो का? संमती कुणी दिली? पोरांना ग्रामसभेत घेऊन या. पाठांतरानं सातबारा मिळत नाही!