थवा उडवू नका

५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचा. ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. याच सुमारास अनेकजण पहिल्यांदा दुर्बीण हाती घेतात. त्यांचं मनापासून स्वागत.

थंडीत यातले बरेचजण उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला जातील. तिथे रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातात. हे काम तासन्‌तास चालतं. पंखांखालचा लाल रंग फोटोत यावा म्हणून होडी थव्यात घातली, की खाणं थांबतं आणि मिळवलेली ताकद उगाच उडण्यात जाते. असा फोटो कितीही देखणा असो, मला तो आवडत नाही. घरट्याजवळचे फोटो तर आम्ही छापणारच नाही. माणसांची वर्दळ वाढली की पिल्लांना भरवणं खोळंबतं, कावळ्यांना जागा कळते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही नको. हद्दीत दुसरा नर आला समजून तो विणीच्या दिवसांत हैराण होतो.

पाहुण्यांच्या हौसेखातर नावाडी होडी पुढे नेतो. म्हणून बसण्याआधीच त्याला सांगा, लांबूनच पाहू, थवा उडवायचा नाही.