म्हाताऱ्या कुत्र्यासोबत चालताना...

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात 'न' आणि 'ण'च्या चुका झाल्या, तर मराठी विभागाच्या संपादकांनी त्या पोटात घालाव्यात. प्लेसमेंट, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मला लिहायचंय म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल. हसू नका!

आमचं गाव केदारखेडा. जालन्याहून भोकरदनला जाताना राजूरच्या गणपतीनंतर लागतं. गावाजवळून पूर्णा वाहते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं भरत गोदावरीला मिळते. लहानपणी सुट्टीत गेलो की आबांचे दोन कुत्रे, मोती आणि वाघ्या, माझ्यासोबत नदीच्या पांदीनं पळायचे. मी दमायचो, ते कधीच नाही.

मागच्या दिवाळीत गेलो तर चित्र बदललेलं. दोघंही आता बारा-तेरा वर्षांचे. मोतीचे डोळे धुरकट झालेले, वाघ्याचं तोंड पांढरं. तरी आबांनी काठी हातात घेतली की दोघंही उठतात. आधी पुढचे पाय ताणतात, मग मागचा भाग कसाबसा उचलतात आणि निघतात. रोज सकाळी, ऊन व्हायच्या आत.

एके दिवशी मी म्हटलं, "आबा, आज मी नेतो." झालं! मी माझ्या स्पीडने निघालो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि आपली काळी माती कशी चिकटते ते तुम्हाला माहीतच आहे. मोतीच्या बोटांमध्ये तिचे गोळे झाले होते, पण माझं लक्षच नव्हतं. नदीत उतरायच्या उतारावर तो थांबला. मला वाटलं, नाटकं करतोय. मी दोरी ओढली, तसा तो केकाटला आणि खालीच बसला. माझ्याकडे बघत राहिला, पण गुरगुरला नाही. मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर आबा रागावले नाहीत. मोतीचे पंजे धुता धुता एवढंच म्हणाले, "बाळा, म्हाताऱ्याच्या पुढं नाही, मागं चालायचं. तू लहान व्हता तवा ते तुझ्यासाठी थांबायचं का नाही?"

यात थोडं इंजिनिअरिंगही आहे. कुत्रा उभा असताना त्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हातारपणी मागचे सांधे धरले की तो आणखी लोड पुढे ढकलतो. त्यामुळे उतारावर खांद्यांवर जास्तच ताण येतो. म्हणजे मोती नाटकं करत नव्हता, गणित माझं चुकलं होतं. म्हणून काय चालणं बंद करायचं? मुळीच नाही. बसून राहिलं तर सांधे आणखी आखडतात आणि वजन वाढतं. एकदा लांब नेण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं न्यावं, दगडी उतार टाळावा, तापलेल्या डांबरावर चालवू नये. आणि आपली डोकेदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नये. इब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखं ठरू शकतं.

आता हे सगळं इथे का सांगतोय? तर आपल्या वायडीमुळे! मेसच्या दारात बसणारा, दरवर्षी सगळे पास होऊन गेले तरी इथेच राहिलेला, म्हणून सीनियर्सनी ठेवलेलं हे नाव. तोही आता म्हातारा झालाय. जिना चढत नाही, हाक मारली तर उशिरा बघतो. आपण त्याला बिस्किटं टाकतो, फोटो काढतो आणि लेक्चरला जातो.

7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेज, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायचा आणि परत तिथे न सोडायचा आदेश दिला. त्यावर हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद झाले. मी त्या आदेशाला नावं ठेवणार नाही. कुत्रा चावलेल्या लहान मुलाच्या आईला आपण काय सांगणार? पण वादात 'वायडी आमचा आहे' असं ओरडणाऱ्यांपैकी एकालाही, त्यात मीही आलो, त्याला रेबीजची लस कधी दिली ते सांगता आलं नाही. मग तो आमचा कसा?

महाभारतात स्वर्गाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून पडले, पण कुत्रा शेवटपर्यंत सोबत चालला. त्याला टाकून युधिष्ठिर स्वर्गातही जायला तयार नव्हता. तो नुसता बिस्किटं टाकून मोकळा झाला नव्हता!

माझं मत साधं आहे. बिस्किटाला पाच रुपये लागतात, म्हाताऱ्यासोबत चालायला वेळ लागतो. प्रेम कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. लस, डॉक्टर आणि शक्य असेल तर कायमचं घर, एवढं आपण वायडीसाठी करायला हवं. मी आबांना फोन करून विचारलंय. ते म्हणाले, "आण की. दोन म्हातारे हायेत, तिसरा आला तर काय? मी धरून चौघं व्हतील."

सेमिस्टर संपलं की वायडीला केदारखेड्याला न्यायचा विचार आहे. गाडीभाड्याची वर्गणी गोळा करायला रूमवर येईन. तेव्हा दार उघडा म्हणजे झालं!