छातीवरची अक्षरं



परवा नातवाने मोबाइलवर एक जुनी जाहिरात दाखवली. नाइकीची, २००७च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळची. रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या आणि पोरं चक्क बसच्या टपावर चढून क्रिकेट खेळताहेत! दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे आपल्या रमेश-सीमा देव यांचा मुलगा. मागे 'राव पात्रांव राव' हे ख्रिस पेरींचं कोंकणी गाणं. आपला संघ तेव्हा पहिल्याच फेरीत गारद झाला, जाहिरात मात्र लक्षात राहिली.

चित्र आपलं, गाणं आपलं. पण या कंपनीची अक्षरं पहिल्यापासून इंग्रजी. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये काढून दिलेली ती बाकदार खूण, आणि १९८८पासूनचे 'जस्ट डू इट' हे तीन शब्द, फ्युचुरा वळणाच्या ठळक, चिंचोळ्या अक्षरांत. लांबूनही वाचता येतात, हे कबूल.

हे आठवायचं कारण वेगळंच. डोंबिवलीतल्या नातवाच्या कबड्डी संघाने यंदा टी-शर्टवर मराठीत नाव छापून घेतलं. रफार भलत्याच अक्षरावर, उकार कापलेला, अक्षरं रबरासारखी ताणलेली. पोरं म्हणाली, "आजोबा, मराठी टी-शर्टवर चांगलं दिसतच नाही. पुढच्या वेळी इंग्रजीच." पस्तीस वर्षं फळ्यावर सुंदर अक्षर काढायला शिकवलं, त्याचं हे फळ! फार लागलं मनाला.

माझं स्पष्ट मत आहे, दोष लिपीचा नाही. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. तिला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. इंग्रजीच्या मापात कोंबली की ती गुदमरणारच. उल्का या जाहिरात संस्थेत काम केलेल्या र. कृ. जोशींनी उभं आयुष्य भारतीय अक्षरांसाठी वेचलं. संगणकावरचा 'मंगल' फाँट त्यांचाच. आता मुंबईच्या एकटाइपने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' तर फुकट मिळतात. 'बालू' कसा पैलवानासारखा गुटगुटीत आहे! कबड्डीला अगदी शोभेल.

मुलांना मराठीची लाज वाटत नव्हती. त्यांना वाईट छपाईची लाज वाटत होती. हा फरक आपण मोठ्यांनी ओळखायला हवा. नाहीतर भाषा वाचवा म्हणून नुसत्या सभा घेत बसू.

पुढच्या वर्षी छपाईवाल्याकडे मी स्वतः जाणार आहे. खडू नाही, पण चष्मा नक्की घेऊन! तुमचं काय मत? जरूर कळवा.