नव्या पेटीवर जुनेच आक्षेप

देवळातील भजनाच्या बैठकीत विजेवर चालणारे वाद्य आणावे की नाही, हा वाद बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात आता शिळा झाला आहे. कारण वाद रंगात असतानाच ते वाद्य येऊन बसलेही. कित्येक भजनी मंडळांत पेटीच्या शेजारी परदेशी बनावटीचा कीबोर्ड दिसतो, आणि एकादशीच्या दिवशी त्याचे बटण दाबताच ठेकाही आपोआप वाजू लागतो. ते वाद्य आले, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. ते कोणत्या प्रतीचे आले, त्याचा खरा धनी कोण, आणि त्याने आमच्या कानांचे काय केले, ह्या तीन प्रश्नांकडे आमच्या विश्वस्त मंडळींनी पाठ फिरविली, ह्याबद्दल मात्र आहे.

प्रथम सोवळ्या पक्षाचा समाचार घेऊ. यंत्राचा सूर देवापुढे नको, असे हा पक्ष म्हणतो, आणि हे म्हणत असताना पेटीचा भाता हालवीत असतो! ही पेटी कोणत्या ऋषीने दिली? पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें नावाच्या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी पायाचा भाता काढून हाताचा बसविला, तेव्हा ते वाद्य आमच्या जाजमावर बसण्याजोगे झाले. आकाशवाणीने 1940 साली ह्याच पेटीला दार बंद केले आणि 1971 पर्यंत ते किलकिलेही केले नाही. त्या सर्व काळात बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे ह्यांच्यासारखे वादक पेटीची परंपरा सांभाळीत होते. विजापुरे (1917–2010) ह्यांच्याकडे तर ह्या शहराच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. तेव्हा परके म्हणून वाद्य नाकारण्याचा अधिकार इतर कोणा गावाला असेल तर असो, बेळगावाला तो उरलेला नाही.

परंतु त्या जुन्या बंदीमागचा एक आक्षेप खरा होता, आणि तो सोवळ्या पक्षाने नेमका विसरून टाकला आहे. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतराने बसविलेले असतात. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून सहज उमटणारा शुद्ध गंधार 386 व्या भागावर पडतो आणि पेटीचा 400 व्या भागावर. पंचमात फरक अवघा दोन भागांचा, म्हणून तो खपतो. गंधाराचे चौदा भाग तयार कानाला टोचतात. हे दुखणे ओळखणारी माणसे आपल्याच भागात होऊन गेली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम सिद्ध करविले. 1916 सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ते मांडले गेले. पण त्याचा स्वीकार झाला नाही. एकदा पितळेची पट्टी घासून स्वर ठरला की तो ठरला. गवयाने हरकत घेतली तर पेटी पुन्हा कारखान्यात न्यावी लागणार. तेथे वाद थांबला तो थांबलाच.

आता नव्या साधनाकडे वळू. संगणकावर चालणारे स्वरनिर्मितीचे कार्यक्रम, ज्यांस सिंथेसायझर म्हणतात, त्यांतील अ‍ॅमसिंथ हा आम्हांस विशेष आवडतो, तो त्याच्या गरिबीमुळे. त्यात हजार वाद्यांची नक्कल नाही. दोन आंदोलक सूर उत्पन्न करतात. एक गाळणी त्यातील तीक्ष्णपणा कमीअधिक करते. आणि सूर कसा उठावा, कसा ओसरावा, किती टिकावा व बोट उचलल्यावर कसा विरावा, हे चार खुंट्या ठरवितात. संपले. तंबोऱ्याची जवारी लावणे ज्याला समजते, त्याला हे एका दुपारी समजेल. कीबोर्डावरचा मुलगा ‘सतार’ लिहिलेले बटण दाबतो आणि त्याला सतारही कळत नाही, सूरही कळत नाही. इकडचा मुलगा खुंटी फिरवितो आणि सुराचे अंतरंग त्याच्या हाती लागते. हा भेद आमच्या मते फार मोठा आहे.

दुसरा पक्ष व्यवहारी लोकांचा. फुकट मिळते ते टाकाऊ, हे त्यांचे ब्रह्मवाक्य. गृहस्थहो, फुकट आणि मुक्त ह्यांत अंतर आहे. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी 1989 साली जो सार्वजनिक परवाना लिहिला, त्याखाली अ‍ॅमसिंथ दिला जातो. कार्यक्रम वापरा, त्याची घडण उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या. फक्त पुढे देताना त्याच्याही हातून हे हक्क काढून घेऊ नका, एवढीच त्याची अट. खुंट्यांवरची नावे कोणी मराठीत वा कोंकणीत उतरविली, तर त्याला कोणाची परवानगी नको. आमची पदे आणि आरत्या आजोळाहून सासरी आणि घाटावरून कोंकणात ज्या रीतीने गेल्या, ती रीत ह्याहून फारशी निराळी नव्हती. आणि हेच व्यवहारी लोक महागड्या परदेशी कार्यक्रमांच्या चोरलेल्या प्रती संगणकावर बिनदिक्कत घालतात, त्यांवर सप्ताहाच्या पदांचे ध्वनिमुद्रण करतात, आणि देवापुढे नारळ फोडतात! ह्याला चोरी म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत घाम गाळणाऱ्या घरातील मुलाला संगीत रचावयाचे असेल, तर त्याच्यापुढे कर्ज आणि चोरी असे दोनच मार्ग आम्ही ठेवले होते. तिसरा मार्ग उघडा असता तो त्याला न सांगणे हा आमचा दोष होय.

देवलांचा अडलेला गंधारही येथे सुटतो. 2002 साली रुमानियाच्या पॉल नास्का ह्यांनी आरंभिलेला झिन-अ‍ॅड-सब-एफेक्स, किंवा आधी विकाऊ असून 2018 साली मुक्त झालेला सर्ज, ह्यांत स्वरांची अंतरे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतात. 400 च्या जागी 386 लिहिले की काम झाले. यमनासाठी एक फाइल, तोडीसाठी दुसरी. गवयाने हरकत घेतली तर आकडा बदलावा आणि पुन्हा ऐकावे. सामान्य कीबोर्डात ही सोय बहुधा नसते, आणि असली तरी ती शोधण्याची तसदी घेतो कोण?

मींड, गमक आणि गळ्याचा ओलावा ह्या साधनातून येईल, असे आम्ही म्हणत नाही. मृदंगाची जागा तर त्याला मुळीच देऊ नये. आपोआप वाजणाऱ्या ठेक्याने गावोगावचे पखवाजी घरी बसत असतील, तर ते बटण उपटून टाकावे असेच आमचे मत आहे. शिवाय कार्यक्रम मुक्त असला तरी संगणक आणि पट्ट्यांचा फलक विकतच घ्यावा लागतो, आणि फार जुन्या यंत्रावर बोट व सूर ह्यांत अंतर पडते, हेही खरे. पण ज्या देवस्थानाच्या कचेरीत पावत्या लिहिण्यापुरता संगणक दिवसभर चालतो, तेथे आरतीनंतर दोन तास तो मुलांच्या हाती द्यावयास कोणती अडचण आहे, हे विश्वस्तांनी पुढील वार्षिक सभेत सांगावे. नवा कीबोर्ड घेण्याचा ठराव त्याच सभेपुढे येणार असेल, तर तो मंजूर करण्यापूर्वी त्याचा गंधार तंबोऱ्याशी एकदा मिळवून पाहावा.