वजन कमी, वट जास्त!

काय बे, पहिला पगार झाला? मग पुढचा प्रश्न ठरलेला. बाइक कुठली?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर दोन मिनिटं उभे राहा. टॉवेल-चादरींचे गठ्ठे लादलेले टेम्पो, सायकली, शंभर सीसीच्या गाड्यांची रांग... आणि त्यातून सुळकन निघणारी एखादी केशरी ड्यूक! अकाउंट्सचा ट्रेनी असो की डिस्पॅचचा सीनियर, मान वळतेच.

ही पाहुणी मूळची ऑस्ट्रियाची, पण घडते आपल्या चाकणला. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये पैसे गुंतवले आणि जानेवारी २०१२ मध्ये ड्यूक २०० भारतात आणली. १९९.५ सीसी, २५ बीएचपी, सहा गिअर, आणि वजन १४० किलोच्या आत. नंतरची मॉडेल्स थोडी जड झाली, पण फंडा तोच. साध्या कम्युटरमध्ये एका बीएचपीला साधारण १४ किलो ओढावे लागतात, इथे जेमतेम साडेपाच. इंजिन फार मोठं नाही, ओझं कमी!

म्हणून नवशिक्याला ही पार्किंगमधून सहज काढता येते, यू-टर्नला घाम फुटत नाही. आणि मुरलेला रायडर? त्याला वळणावर नुसती मान वळवली तरी गाडी ऐकते, यातच मजा.

पण बॉस, एक गैरसमज काढून टाका. गाडी हलकी म्हणून लवकर थांबते, असं नाही. ४० च्या स्पीडला ब्रेक लावल्यावर जेवढं अंतर जातं, ८० ला त्याच्या चौपट जातं. गाडी कुठलीही असो! त्यात रस्त्यावर वाळू आणि समोर अचानक थांबलेला टेम्पो असेल तर २५ बीएचपी काही कामाचे नाहीत.

सेकंड हँड घेताय? मग आधी एबीएस आहे का बघा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. भारतातल्या सुरुवातीच्या ड्यूक २०० ला ते नव्हतं. सीटही उंच, ८१० मिलिमीटर. पाय नीट टेकतात का, ते बसूनच ठरवा.

आणि ईएमआयचं गणित मांडताना चांगलं हेल्मेट त्यातच धरा. पहिला महिना शहरातच चालवा, हायवे कुठे पळून जात नाही. वट मारायला अख्खं आयुष्य पडलंय, फक्त ते शाबूत ठेवा!