परक्याचे पान

आज नाताळ. शेजाऱ्यावर आत्मवत् प्रेम करण्याची येशूची आज्ञा ख्रिस्ती मुलांना मुखोद्गत असते. ती अंगी बाणावी कशी?

१८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक ख्रिस्तचरित्र कीर्तनातूनही सांगत. पण त्यांचे खरे निरूपण घरात चाले. तेव्हाच्या अहमदनगरातील त्या घरी त्यांनी व लक्ष्मीबाईंनी तरुण बालकवी ठोंबरे यांना पुत्रवत् सांभाळले. बालकवी हिंदूच राहिले. मायेत उणेपणा आला नाही.

जनाबाईंच्या गंगाखेडात कीर्तनास उभे राहणाऱ्या आम्हांसही हा धडाच आहे. प्रेम केवळ उपदेशाने शिकवता येत नाही. मुलांच्या देखत परक्याचे पान वाढावे लागते. ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनी आज ते वाढावे. दिवाळीत आम्ही वाढू.