गलका म्हणजे जनमत नव्हे
रेल्वे, पालिका, मंत्री आता समाजमाध्यमांवरच्या तक्रारींची तत्परतेने दखल घेतात. पण तिथे बोलते कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया जेमतेम ३३. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आता दरी आपोआप बुजेल, असा युक्तिवाद होतो. डेटा स्वस्त झाला हे खरेच. पण घरात फोन एकच असेल तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि ही मालकी रिचार्जच्या दराने बदलत नाही. म्हणून व्हायरल खड्ड्याला डांबर मिळते (मिळाले तर!), पाड्यावरच्या बंद हातपंपाला मात्र दाद मिळत नाही. प्रशासनाने तक्रारवही आणि ग्रामसभा आधी जिवंत ठेवाव्यात. ट्विटला उत्तर दुसऱ्या दिवशी दिले तरी चालेल.